पिंजऱ्यातील पक्ष्याचे शरीर : मराठी काव्यपरंपरेचे एक पुनर्वाचन

प्रस्तावना

नळराजाच्या हातून सुटलेला हंस थेट विदर्भात आला, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी शालेय वयातच वाचलेली असते. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ती येते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'नैषधीयचरिता'त तिला महाकाव्याचे वैभव दिले आणि सतराव्या शतकात रघुनाथपंडितांनी ती मराठीत आणून घरोघर पोहोचवली. हंस पकडला जातो, हंस बोलतो, राजाच्या मनात दया उपजते आणि हंस सुटतो. आपल्या गावातील राघू मात्र सुटत नाही. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी आजही एखाद्या ओसरीवर किंवा दुकानाच्या दारात टांगलेला पिंजरा दिसतो. त्याविषयी विचारणा केली असता मिळणारे उत्तर ठरलेले असते : "घरच्यासारखा राहतो, सर. काही त्रास नाही त्याला. गप्प बसलेला असतो."

'गप्प आहे, म्हणजे सुखी आहे' हे अनुमान कोठून आले, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित केला आहे. बंदिवासाचा रानपक्ष्याच्या शरीरावर होणारा परिणाम हा प्राणिशास्त्राचा विषय मानला जातो आणि पिंजऱ्यातील पक्ष्याची प्रतिमा हा मराठी विभागाचा. या दोन वर्गखोल्यांमधील भिंत आपणच घातलेली आहे. वस्तुतः पिंजऱ्यातील पक्ष्याकडे पाहण्याची आपली दृष्टी आपल्या वाङ्मयाने घडवलेली आहे, आणि त्या दृष्टीत एक उणीव राहिली आहे. मराठी कवितेने बंदिवान पक्ष्याला आत्मा दिला, वाणी दिली, कुटुंबही दिले. त्याचे शरीर मात्र पाहूनही नजरेआड केले. शरीरविज्ञानाच्या गेल्या काही दशकांतील निष्कर्षांच्या प्रकाशात याच परंपरेतील काही स्थळे पुन्हा वाचण्याचा हा प्रयत्न आहे. पक्षी पकडल्यानंतरची पहिली काही मिनिटे, नंतरचे तास, नंतरचे दिवस आणि शेवटी वर्षे, असा काळाचा क्रम येथे स्वीकारला आहे.

१. पहिली मिनिटे : नळीवरचा पोपट

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, माणूस आपणच आपला वैरी कसा होतो हे सांगताना, ज्ञानदेव नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त देतात. 'शुकनलिकान्याय' म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. पोपट धरण्यासाठी दोरीत ओवलेली नळी टांगून ठेवत. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरे आणि तो उलटा लोंबकळू लागे. सोडून दिली तर तो उडू शकतो. पण आपण बांधले गेलो या शंकेने तो नळीच घट्ट धरून राहतो. वेदान्तातील बंधमोक्षविचारासाठी यापेक्षा समर्पक दृष्टान्त शोधून सापडणार नाही.

तथापि हे स्थळ केवळ दृष्टान्त म्हणून वाचल्यास त्यातील निरीक्षणावर अन्याय होतो. ज्ञानदेवांचा पोपट मान पिळतो, छाती आखडून घेतो, पायांची पकड अधिकच आवळतो. इतकेच नव्हे तर अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडत नाही, असे ते म्हणतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ग्रंथातील हे वर्णन भयग्रस्त पक्ष्याच्या शरीराचे आहे. ज्याने धरलेला पक्षी जवळून पाहिला नाही त्याला ते सुचणे कठीण.

आजचे शरीरविज्ञान या क्षणाविषयी काय सांगते? धोका जाणवताच पक्ष्याच्या शरीरात प्रथम ॲड्रेनॅलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर वाढते, स्नायू ताठ होतात. त्यामागोमाग मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी यांच्या आदेशाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक रक्तात सोडते. माणसात जे काम मुख्यतः कॉर्टिसोल करते, ते पक्ष्यात कॉर्टिकोस्टेरोन करते. रानपक्षी हाती आल्यापासून साधारणपणे तीन मिनिटांच्या आत घेतलेला रक्ताचा नमुनाच त्याच्या नेहमीच्या स्थितीचा निदर्शक मानावा, असा संकेत संशोधकांत रूढ आहे. कारण त्यानंतर या संप्रेरकाचे प्रमाण चढू लागते आणि पुढील अर्ध्या तासात ते कित्येक पटींनी वाढू शकते. म्हणजे आपण पक्षी हातात घेऊन 'किती गोजिरवाणा आहे' असे म्हणेपर्यंत त्याच्या रक्ताची घडण बदलू लागलेली असते.

याच अवस्थेत अनेक पक्षी एकाएकी निश्चल होतात. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर हालचाल थांबवणे हा बचावाचा अखेरचा उपाय होय. पाहणाऱ्याला वाटते, पक्षी शांत झाला. प्रत्यक्षात ते भीतीचे टोक असते. ज्ञानदेवांच्या पोपटाचे छाती आखडून, नळी आवळून राहणे याच जातीचे आहे. दृष्टान्ताच्या गरजेपोटी तेथे त्या अवस्थेला 'भ्रम' हे नाव मिळाले. माणसाच्या संदर्भात ते यथार्थच आहे, कारण माणसाला विवेक आहे. पोपटाच्या बाबतीत मात्र तो भ्रम नव्हे, ती त्याच्या शरीराची रीत आहे. परंपरेने दृष्टान्तातील सिद्धान्त उचलला आणि पोपट तेथेच लटकत ठेवला. 'तो आपल्याच मोहाने बांधला गेला' हे वाक्य पुढे इतके रुळले, की नळी टांगणाऱ्या हाताचा विचारच कोणाला सुचू नये. हा ज्ञानदेवांचा दोष नव्हे. त्यांचा विषय पोपट नव्हताच. दोष आपल्या वाचनाचा आहे.

२. पुढील तास : हंसाचे बोलणे

महाभारतातील हंसाची सुटका हा एक व्यवहार आहे. मला मारू नकोस, मी दमयंतीजवळ तुझे असे वर्णन करीन की ती दुसऱ्या कोणाचा विचार करणार नाही, असे आश्वासन हंस देतो आणि नळ त्याला सोडतो. श्रीहर्ष आणि त्याच्या मागोमाग रघुनाथपंडित यांनी येथे मोलाचा बदल केला. त्यांचा हंस आधी विलाप करतो. घरी वृद्ध माता आहे, पत्नी आहे, त्यांना दुसरा आधार नाही, असे तो सांगतो. सुटका करुणेतून होते, उपकाराची फेड नंतर येते. नैतिकदृष्ट्या ही फार मोठी झेप आहे. उपयोगी पडेल म्हणून नव्हे, तर दुःखी आहे म्हणून प्राणी सोडावा, हा विचार मराठी मुलांच्या मनावर या आख्यानाने ठसवला.

हंसाच्या युक्तिवादाला जीवशास्त्राचाही आधार आहे. विणीच्या काळात पकडलेला पक्षी एकटा पकडला जात नाही. त्याच्या घरट्यातील अंडी आणि पिले यांचेही भवितव्य त्याच्याबरोबर धरले जाते. शिवाय कॉर्टिकोस्टेरोनचे प्रमाण फार वाढल्यास पक्षी घरटे सोडून देतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. जीव धोक्यात असताना शरीर प्रथम स्वतःला वाचवू पाहते आणि वंशवृद्धीचे काम बाजूला ठेवते. पकडून लगेच सोडलेला पक्षीही घरट्याकडे परतेलच, याची खात्री देता येत नाही.

मात्र रघुनाथपंडितांच्या हंसाला एक सवलत मिळाली आहे, ती वाणीची. तो आपले दुःख सुसंगत भाषेत मांडू शकतो, म्हणून सुटतो. येथून मराठी मनाने नकळत एक उलटा नियम काढला : जो बोलत नाही, त्याचे गाऱ्हाणे नाही. प्रत्यक्षात रानपक्षी आपले दुखणे लपवतो. थव्यातील दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो. म्हणून आजारी पक्षी शक्य तितका वेळ निरोग्यासारखा वागतो. त्याची व्याधी लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

याचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे धरपकडीमुळे होणारा स्नायुविकार. पाठलाग, झटापट आणि बांधून ठेवणे यांत स्नायूंवर असह्य श्रम पडतात, त्यांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही, आम्ल साचते आणि स्नायूंचे तंतू तुटू लागतात. तुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करते. क्रौंच, रोहित, माळढोक अशा लांब पायांच्या पक्ष्यांत हा विकार विशेषत्वाने आढळतो. लक्षणे तत्काळ दिसतात असे नाही; काही तासांनी, कधी काही दिवसांनी पक्ष्याला उभे राहता येत नाही आणि तो 'काही कारण नसताना' मरतो. माळढोकासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तो पक्षी आज नष्ट होण्याच्या काठावर आहे आणि त्याला पकडून हलवणे हा सोपा उपाय का नव्हे, याचे एक कारण या विकारात आहे.

या दृष्टीने पाहता आख्यानातील एक तपशील अर्थपूर्ण ठरतो. नळाने हंसाला काही क्षणच हाती धरले होते. त्याने त्याला पिंजऱ्यात ठेवले नाही, वाड्यावर नेले नाही, राणीवशाला दाखवले नाही. म्हणूनच तो हंस विदर्भापर्यंत उडू शकला. दया महिनाभराने आली असती तर कथा तेथेच संपली असती.

३. शरीर दिसले आणि लपले : 'केवढे हे क्रौर्य!'

रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता बंदिवासाची नाही, घायाळ पक्षिणीची आहे; तरीही प्रस्तुत विवेचनात तिचा विचार अटळ आहे. अर्वाचीन मराठी कवितेत पक्ष्याच्या वेदनेला इतक्या थेटपणे सामोरे जाणारी कविता विरळा. आरंभी कवी केवळ पाहतो. पक्षीण पुनःपुन्हा कोसळते, पुन्हा उठते, वाट चुकते, तिची दृष्टी अंधारते. हे सारे शरीराचे आहे. कवीने येथे पक्षिणीला काहीही बोलायला लावलेले नाही आणि वाचकाचा जीव सर्वाधिक येथेच कासावीस होतो.

पुढे पक्षीण घरट्याशी पोहोचते आणि बोलू लागते. ती पिलांना शेवटचा घास देते, परमेश्वराच्या हवाली करते, सकाळी गाऊन लोकांना रमवले त्याची ही परतफेड, असे म्हणते. गंमत अशी, की अधिक बोलण्याचे त्राण नाही हेही ती बोलूनच सांगते. येथे हंसविलापाची परंपरा टिळकांच्या लेखणीतून पुन्हा डोके वर काढते. करुणा निर्माण करण्यासाठी पक्ष्याला माता व्हावे लागते, गायिका व्हावे लागते, माणसाच्या उपयोगी पडावे लागते. कवितेच्या आरंभी तिचे शरीर पुरेसे होते. उत्तरार्धात ते पुरे पडेनासे झाले.

ही टीका टिळकांना उणे लेखण्यासाठी नाही. त्यांच्या काळी विज्ञानही जिवंत पक्ष्याच्या शरीरापर्यंत पोहोचले नव्हते. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या काळातील पक्षिविद्या मुख्यतः मारलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवर उभी होती. बालवयातील सलीम अली यांनी बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन याच संस्थेची पायरी चढावी आणि तेथील पेंढा भरलेले पक्षी पाहून पक्षिशास्त्रज्ञ व्हावे, ही हकिगत त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्या ग्रंथाचे नावच एका चिमणीच्या पडण्यावरून आले आहे. कवितेने पक्ष्याचा आत्मा पाहिला आणि विज्ञानाने त्याचे मृत शरीर. भयाने धडधडणारे जिवंत शरीर दोघांच्याही हातून बराच काळ निसटले.

४. पुढील दिवस : प्रयोगशाळेतील चिमणी

जिवंत शरीराचा हा अभ्यास ज्या पक्ष्यांवर विशेष झाला, त्यांत आपल्या अंगणातील चिमणी प्रमुख आहे. सुमारे २५ ग्रॅम वजनाचा, माणसाच्या सान्निध्यात हजारो वर्षे राहिलेला हा पक्षी बंदिवास सहज सोसत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. निष्कर्ष वेगळे आहेत. पकडून पिंजऱ्यात ठेवलेल्या चिमण्यांचे वजन पहिल्या काही दिवसांत घटते. ते भरून येण्यास काही आठवडे लागू शकतात. समोर दाणापाणी भरपूर असूनही हे घडते. घट केवळ चरबीत होत नाही, छातीच्या उड्डाणस्नायूंतही होते. रक्तातील श्वेतपेशींचे परस्परप्रमाण बदलते आणि प्रतिकारयंत्रणेचे वर्तन पूर्वीसारखे राहत नाही.

ताण म्हणजे केवळ एका संप्रेरकाची वाढ, ही सोपी समजूतही येथे टिकत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बंदिवान चिमण्यांमधील कॉर्टिकोस्टेरोनचे प्रमाण औषधाने कमी करण्यात आले. त्यांच्या वर्तनावरील बंदिवासाचा परिणाम सौम्य झाला. परंतु शरीराच्या घडणीतील ऱ्हास थांबला नाही. सामान्य वाचकाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. पक्षी वागण्यात शांत दिसू शकतो आणि त्याच वेळी त्याचे शरीर आतून झिजत असू शकते. 'गप्प आहे, म्हणजे सुखी आहे' या अनुमानाला याहून स्पष्ट उत्तर कोणते असावे?

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. बंदिवासाचा ताण सर्व जातींत सारखा नसतो. २०१९ मध्ये फिशर आणि रोमेरो या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन हेच प्रतिपादन केले, की हा ताण अत्यंत जातिविशिष्ट असतो. काही जाती काही आठवड्यांत जुळवून घेतात, काही कधीच घेत नाहीत. काहींमध्ये संप्रेरक वाढलेले राहते, काहींमध्ये ते कमी होते. धरून, काही काळ ठेवून दुसरीकडे नेलेल्या चुकार जातीच्या तितरांत तर ताणाला योग्य प्रतिसाद देण्याची यंत्रणाच बदललेली आढळली. सतत वाजणारी धोक्याची घंटा शेवटी नादुरुस्त व्हावी, तसे हे आहे. असा पक्षी सोडून दिला तरी खऱ्या धोक्याच्या वेळी त्याचे शरीर वेळेवर सावध होईल, याची शाश्वती नसते. म्हणून 'सर्व पक्षी पिंजऱ्यात झुरून मरतात' हे विधान जितके अशास्त्रीय, तितकेच 'पक्षी सरावतो' हेही अशास्त्रीय होय. कोणता पक्षी, किती काळ, कोणत्या स्थितीत, हे प्रश्न विचारल्याविना उत्तर देता येत नाही.

५. वर्षे : ओवीतील राघू आणि ओसरीवरचा राघू

जात्यावरच्या ओव्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी. माहेर-सासरच्या ओढाताणीत मराठी स्त्रीने आपल्या लेकरांना पक्ष्यांची नावे दिली. ओसरीवरच्या पिंजऱ्याला या नावांची ऊब लाभलेली आहे. पोपट पाळणारा माणूस क्रूर असतो असे नाही. बहुधा तो मायाळूच असतो. तो त्याला पेरूची फोड देतो, हिरवी मिरची देतो, सणाला गोड घास देतो. क्रौर्याविरुद्ध बोलणे सोपे असते. मायेने केलेल्या चुकीविरुद्ध बोलणे अवघड असते, आणि येथे प्रश्न तिचा आहे.

दुसरीकडे संतपरंपरेत पिंजरा म्हणजे देह आणि पक्षी म्हणजे आत्मा. या रूपकाचे सामर्थ्य वादातीत आहे. पण रूपक पूर्ण होताच एक गोष्ट घडते. पिंजराच जर देह असेल, तर पक्ष्याला स्वतःचा देह उरत नाही. तो शुद्ध चैतन्य होतो; त्याला भूक नाही, स्नायू नाहीत, हाडे नाहीत. ओसरीवरच्या पोपटाला मात्र हे सारे आहे.

या शरीराला काय होते? उडण्यासाठी घडलेले छातीचे स्नायू वापराविना क्षीण होतात. केवळ तेलबियांवर वाढवलेल्या पोपटात 'अ' जीवनसत्त्वाची उणीव आणि यकृतात चरबी साचण्याचे विकार पशुवैद्यकांना परिचित आहेत. एकाच जाडीच्या, गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षे बसल्याने तळपायाला व्रण होतात. पीस वाढत असताना शरीरावर ताण आला असेल तर त्या पिसावर आडवी, कमकुवत रेघ उमटू शकते आणि पुढे पीस तेथेच तुटते. काही पोपट स्वतःची पिसे उपटतात. काही एकाच मार्गाने तासन्‌तास येरझारा घालतात, एकच जागा टोचत राहतात. मालक कौतुकाने म्हणतो, 'नाचतो'. हे नाचणे नव्हे. करण्याजोगे काही उरले नाही म्हणून एकाच हालचालीत अडकलेल्या मेंदूचे ते लक्षण आहे. पोपट हा थव्यात राहणारा, आवाजाने नाती जुळवणारा पक्षी आहे. जातभाई नसल्यामुळे तो माणसाचे शब्द उचलतो. आपण त्याला 'बोलका' म्हणतो. एकाकी म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

पिलापासून वाढवलेला पोपट माणसाला भीत नाही, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो खराही आहे. परंतु भीती नसणे आणि आरोग्य असणे यांत अंतर आहे. शिवाय ते पिलू झाडाच्या ढोलीतून काढून आणलेले असते. एक पिलू ओसरीपर्यंत पोहोचते तेव्हा वाटेत किती दगावली, हे घेणाऱ्याला दिसत नाही.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला आणि १९९०-९१ पासून भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. पोपट, पहाडी मैना, मुनिया हे पक्षी पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे बेकायदा आहे. विदेशी जातीचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी, ज्यांना बाजारात 'लव्हबर्ड' म्हणतात, त्यांची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात उडण्याचा अधिकार असल्याचे आपल्या आदेशात नमूद केले. कायद्याने हंसाची कैफियत ऐकली, असे म्हणता येईल. परंतु ज्या गावात पिंजरा दिसतो आणि गुन्हा दिसत नाही, तेथे कायद्याच्या आधी दृष्टी बदलावी लागते.

६. बंदिवासाची दुसरी बाजू

मग सर्व बंदिवास त्याज्य मानावा काय? गिधाडांचे उदाहरण याच्या विरुद्ध जाते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडांचा जवळजवळ संहार झाला. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. या काळात हरयाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रात बंदिवासानेच गिधाडांच्या जाती राखल्या. तेथील काही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. ती लगेच सोडली नाहीत. जंगलातच उभारलेल्या मोठ्या पक्षिगृहात काही महिने ठेवून, परिसराशी परिचय करून देऊन मग मुक्त केली.

येथे बंदिवासाला हेतू आहे, मुदत आहे आणि शरीराची जाण आहे. पक्षिगृह एवढे मोठे, की पंख उघडता यावेत, सोबतीला जातभाई, माणसाचा वावर कमीत कमी. ओसरीवरच्या पिंजऱ्याशी याची तुलना केल्यास फरक प्रेमाचा नसून माहितीचा आहे, हे ध्यानात येते. पुण्य म्हणून बाजारातून मुनिया विकत घेऊन सोडणाऱ्या भाविकाची दयाही याच कसोटीवर तपासावी लागते. थकलेला, उपाशी, पिसे मोडलेला पक्षी अनोळखी जागी सोडून दिल्याने तो मुक्त होत नाही. त्याच्या जागी दुसरा पक्षी पकडला जाण्याची व्यवस्था मात्र होते.

मराठी गद्यात शरीरासह पक्षी पाहण्याची वाट मारुती चितमपल्ली यांनी रुंद केली. वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत त्यांनी जे पाहिले आणि रानात राहणाऱ्या माणसांकडून जे ऐकले, ते 'पक्षी जाय दिगंतरा'सारख्या पुस्तकांतून मराठीत आले. २००६ मध्ये सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पक्ष्याचे खाणे, वीण आणि स्थलांतर हेही वाङ्मयाचे विषय आहेत यावर जणू शिक्कामोर्तब झाले. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक संतवाणीतील आहे आणि आतला पक्षी रानातला आहे; रूपक आणि शरीर यांना एकत्र नांदवता येते, याचे हे आपल्याजवळचे उदाहरण होय.

समारोप

या विवेचनाचा महाविद्यालयीन अध्यापकाशी थेट संबंध आहे. संक्रांतीच्या सुमारास मांजाने कापलेला किंवा उन्हाळ्यात तहानेने पडलेला पक्षी विद्यार्थी प्राणिशास्त्र विभागात घेऊन येतात, हा प्रसंग आपल्याला नवा नाही. सर्वांनी भोवती जमावे, हाताळावे, चोचीत बळेच पाणी ओतावे आणि छायाचित्रे काढावीत, असेच बहुधा घडते. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते; छातीचे हाड पुढेमागे हलवूनच तो श्वास घेतो. म्हणून प्रेमाने छातीशी आवळलेला पक्षी गुदमरू शकतो. हवेसाठी छिद्रे पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात त्याला एकटे, शांत ठेवावे आणि विनाविलंब वनविभागाला किंवा जाणकार पशुवैद्यकाला कळवावे, एवढेच त्या वेळी हितावह असते. ही सूचना प्राणिशास्त्राच्या तासाला द्यावी, तशीच हंसविलाप शिकवतानाही द्यावी.

मराठी काव्यपरंपरेत पक्ष्याविषयीची करुणा कमी नाही. मात्र ती पक्षी बोलेल तेव्हा जागी होते. ज्ञानदेवांच्या ओव्यांत आवळलेली छाती होती, टिळकांच्या कवितेत अंधारलेली दृष्टी होती. आपण त्यांवरून पुढे सरकलो आणि अर्थाकडे गेलो. ती स्थळे पुन्हा थांबून वाचली, तर विज्ञानाने आज रक्ताच्या थेंबात मोजलेले पुष्कळसे तेथे आधीच पाहिलेले आढळेल. विदर्भात आलेला हंस बोलका होता, म्हणून दमयंतीने त्याचे ऐकले. ओसरीवरचा राघू आपल्याच शिकवलेल्या दोन शब्दांपलीकडे काही बोलणार नाही. त्याचे म्हणणे त्याच्या पिसांवरील रेघांत, झडलेल्या स्नायूंत आणि थकलेल्या पायांत लिहिलेले आहे. ते वाचायला शिकवणे हे भाषाशिक्षकाचेही काम आहे.